मास्तरांना खोली पाहिजे



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर वेदान्त शोभतो, इतिहास शोभतो, गेली काही वर्षे अर्थसंकल्पही शोभू लागला आहे. त्यांच्या रांगेत ‘मास्तरांना खोली पाहिजे’ हा आमचा विषय छापलेला पाहून एका स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, “हे व्याख्यान आहे की जाहिरात?” आम्ही म्हटले, दोन्ही आहे. व्याख्यान आधी होईल, जाहिरात शेवटी. तेवढा वेळ आपण बसावे एवढीच विनंती.

गोष्ट गेल्या जूनमधली. तेलंगणातून एक तरुण प्राध्यापक आपल्या सांगलीत नोकरीवर रुजू झाले. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची चिठ्ठी घेऊन ते आमच्याकडे आले. मराठी अजिबात येत नाही, हिंदी बेताची, हातात एक पेटी आणि मनात अशी समजूत की, ज्या गावात एवढी महाविद्यालये आहेत त्या गावात मास्तराला खोली मिळणे ते काय अवघड! आम्हांसही तसेच वाटले. दोन दिवसांत आम्ही त्यांच्याबरोबर नऊ घरे पाहिली.

पहिल्या घरी भाडे परवडत होते, अनामत परवडत नव्हती. दुसऱ्या घरी दोन्ही परवडत होते, पण मालकीणबाईंना ‘फ्यामिली’ हवी होती. आणि ह्या गृहस्थांचे लग्न व्हायचे होते. तिसऱ्या घरी मालकांनी नाव विचारले. नाव सांगितले. आडनाव विचारले, तेही सांगितले. त्या आडनावावरून मालकांना काहीच उलगडेना. मग थोडा वेळ पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि प्रश्न निराळ्या वाटेने आला: “जेवणात काय काय असतं ह्यांच्या?” आम्ही चाळीस वर्षे वर्गात प्रश्न विचारले आहेत, कोणता प्रश्न कशासाठी विचारला जातो हे आम्हांस कळते. चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरी फारसे निराळे घडले नाही. सातवे घर मात्र आमच्या मनात राहिले आहे. वरचा मजला सगळा रिकामा, जिन्यावर वाळलेली पाने, दाराला कुलूप, कुलपाला गंज. मालक वृद्ध, सज्जन, आमच्या ओळखीचे. म्हणाले, “गुरुजी, मुलगा पुण्याला असतो. येतो अधूनमधून. द्यायचं मनात येतं हो, पण एकदा माणूस आत शिरला की उठत नाही.” मुलगा शेवटचा केव्हा आला होता, हे विचारण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

आठवे घर नदीकडच्या बाजूला होते. भाडे इतर ठिकाणच्या जवळजवळ निम्मे. अनामत नाममात्र. आमचे तेलंगणी मित्र लगेच खिशात हात घालू लागले. आम्ही त्यांचा हात धरला आणि त्यांना भिंत दाखवली. नव्या रंगाखाली, छातीच्याही वर, एक पुसट आडवी रेघ होती. सांगलीकरांना ती रेघ कसली हे सांगण्याची गरज नाही. परक्या माणसाला मात्र ती कोणी सांगत नाही. तो बिचारा समजतो की रंगाऱ्याने हयगय केली.

सांगलीत स्वस्त खोली कुठे मिळते ह्याचे उत्तर कृष्णामाईने फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट ही नावे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २००५ साली पाणी आले, २०१९ साली ते ५७ फुटांच्याही वर गेले, २०२१ साली पुन्हा आले. ज्याला हे ठाऊक आहे तो माणूस जास्त भाडे देऊन विश्रामबागेकडे सरकतो. ज्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही खिशाला झेपत नाही, तो नदीकडे राहतो. म्हणजे गावात जो सर्वांत नवा, त्याच्या वाट्याला गावातली सर्वांत जुनी आपत्ती. आम्ही स्वतः साताऱ्याहून इथे मास्तरकीला आलो तेव्हा आमची पहिली खोली गावभागात होती. तिच्यातही चुन्याखाली अशी एक रेघ होती आणि आम्ही तिच्यावर खुंटी ठोकून कोट अडकवीत असू. साताऱ्याच्या माणसाला पुराची कल्पना येणार कशी? आमच्याकडे खोली पाहताना विचारतात ते ‘कासचे पाणी येते का’ एवढेच. पाणी कमी पडेल ही आमची भीती. पाणी घरात येईल ही भीती आम्ही सांगलीत आल्यावर शिकलो.

आता कोणी म्हणेल की सातारा आणि सांगली हे अंतर ते केवढे, त्याला परमुलूख कसे म्हणावे? श्रोतेहो, आज म्हणता येत नाही, पण एक काळ असा होता की ह्या भागात मास्तराची बदली झाली तर तो कोणत्या राज्यात जाऊन पडेल ह्याचा नेम नव्हता. सातारचे राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केले. तेव्हापासून सातारा हा इंग्रजी जिल्हा. पण त्याच्या अंगाखांद्यावर फलटण, औंध, जत आणि पटवर्धनांची सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, कुरुंदवाड अशी संस्थाने विखुरलेली होती. सांगलीहून सहा मैलांवरच्या मिरजेला गेलेला मास्तर दुसऱ्या राज्यात जात असे. उलट त्याच मास्तराला सांगली दरबाराने तेरदाळला, बेळगावला खेटून असलेल्या शहापुरास किंवा थेट शिरहट्टीस धाडले तर तो आपल्याच राज्यात राही! तिथे बाजारात कानडी, शेजारी कानडी, भाजीवाली कानडी. पण मुलूख सांगलीकरांचा. कागदावरची हद्द आणि परकेपणा ह्यांचा संबंध पुष्कळदा असा उलटा असतो.

पुढे ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ साली दक्षिण सातारा नावाचा नवा जिल्हा निघाला. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि शिरहट्टी, तेरदाळ, शहापूर हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि त्याच साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. ह्या बारा वर्षांत एकाच खोलीत राहणाऱ्या, एकाच फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाची राज्ये बदलली. त्याला पेटीसुद्धा उचलावी लागली नाही. शहापुरातला मास्तर घरात बसल्या बसल्या परराज्यात गेला. त्याला घर शोधावे लागले नाही, हे त्याचे भाग्य. पण घरमालकाच्या बोलण्यातला सूर बदलला की नाही हे त्याचे त्याला ठाऊक.

ह्या संस्थानी कारभारात एक गोष्ट चांगली होती असे आमचे मत आहे, आणि संस्थानांविषयी आम्हांला विशेष ममत्व आहे असे कोणी समजू नये. ज्यांना माणूस हवा होता त्यांनी कधी कधी आधी जागेचा विचार केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुळात मास्तरच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथल्या कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या मुलखात बोलावले. १९१० साली कुंडलजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. माळ कसला, निवडुंगाचे रान आणि त्यात साप. पण पाय टेकायला जमीन होती. त्या माळावर कारखाना उभा राहिला आणि कारखान्याबरोबर कामगारांची घरे उभी राहिली, म्हणून ती किर्लोस्कर‘वाडी’. वाडी हा शब्द माणसे राहतात त्या जागेला लावतात. नुसत्या कारखान्याला कोणी वाडी म्हणत नाही.

विलिंग्डन महाविद्यालयाची कथाही अशीच. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली आणि मिरज ह्यांच्या मधल्या मोकळ्या माळावर ते काढले. पुण्याच्या माणसाला त्या काळी इथे येणे म्हणजे इंग्रजी मुलूख सोडून संस्थानात येणे होते. पुण्याचेच कशाला? विनायक कृष्ण गोकाक ऑक्सफर्डहून १९३८ साली परतले आणि विलिंग्डनचे प्राचार्य झाले. ज्यांना पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला ते हे गोकाक. कानडी साहित्याचा इतिहास लिहिणारे रं. श्री. मुगळी ह्यांनीही विलिंग्डनमध्ये शिकवले. कानडी भाषेतली ही दोन मोठी माणसे आमच्या मराठी सांगलीत राहिली आणि मराठी मुलांना शिकवून गेली. त्यांना कोणी ‘जेवणात काय असतं’ असे विचारले असेल काय? विचारलेही असेल. सांगलीकर तेव्हाही सांगलीकरच होते.

पण सर्वच मास्तरांच्या मागे महाविद्यालय उभे नसते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आपण वाचली असेल. १९५५ सालचे पुस्तक. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर जातो. आटपाडीकडचा तो दुष्काळी मुलूख, माडगूळकरांचा स्वतःचा. ती कादंबरी वाचताना लोक मेंढरांकडे पाहतात, दुष्काळाकडे पाहतात. आम्ही मास्तर असल्यामुळे आमचे लक्ष दुसरीकडे गेले. हा पोरगा एकटा आहे. त्याला स्वतःचे दार नाही. वस्तीने सांभाळले तर तो आहे, वस्तीचा गैरसमज झाला तर तो उघड्यावर. कारभारी त्याच्यावर माया करतो आणि तोच कारभारी एका साध्या गोष्टीवरून त्याच्याशी अबोला धरतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येक एकट्या मास्तराने हा अबोला एकदा तरी भोगलेला आहे.

आणि आता ज्या माणसाबद्दल बोलायचे म्हणून आम्ही हा विषय घेतला त्यांच्याकडे वळतो. भाऊराव पाटील हे मूळचे कोल्हापूर संस्थानातल्या कुंभोजचे. कोल्हापुरास शिकत असताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले हा भाग्ययोग. पण डोक्यावरचे छप्पर एका आंघोळीसाठी जाते म्हणजे काय, हे त्या वयात त्यांनी पाहिले. शिक्षण अर्धवट राहिले. कोल्हापूर सोडून ते इंग्रजी साताऱ्यात आले आणि घरोघर मुलांच्या शिकवण्या घेऊन पोट भरू लागले. सातारा त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणू लागला. म्हणजे आमच्या विषयाचे पहिले उदाहरण आमच्याच गावात आहे: राज्य सोडून दुसऱ्या राज्यात आलेला, हातात पदवी नसलेला, शिकवण्यांवर जगणारा एक मास्तर.

ह्या मास्तराने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. लोक म्हणतात, भाऊरावांनी शाळा काढल्या. खरे आहे, पण क्रम चुकतो. आधी वसतिगृह आले, मागाहून शाळा आल्या. साताऱ्यातले त्यांचे वसतिगृह सर्व जातींच्या मुलांसाठी होते आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे महाविद्यालय १९३५ साली आले, हायस्कूल १९४० साली आणि शिवाजी कॉलेज १९४७ साली. पहिल्यांदा झोपायला जागा, मग भाकरी, मग पाटी. ज्याला एकदा घराबाहेर काढले होते त्याने हा क्रम ठरवला. शाळा काढणारे पुष्कळ असतात. खेड्यातल्या पोराची शाळा सुटते ती शहरात अंग टाकायला जागा नसते म्हणून, हे ज्याने पाहिले तोच वसतिगृह काढतो.

ह्याच साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर ह्या नावाने एक मुलगा दाखल झाला. ते बाबासाहेब. परदेशातून शिकून आल्यावर १९१७ साली ते बडोदे संस्थानात नोकरीवर गेले. विद्वत्तेने त्यांच्या तोडीचा माणूस त्या संस्थानात शोधावा लागला असता. पण त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. रोजचा दीड रुपया देत. दिवसभर कचेरी, रात्री त्या ओसाड इमारतीत एकटे. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिन्यात उभे राहिले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितले की पत्नीला विचारले पाहिजे. मग बाबासाहेब बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी ते मुंबईला सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिले. बडोद्याने त्यांना पगार देऊ केला होता. खोली दिली नाही, आणि माणूस गमावला.

आम्ही हा प्रसंग जुनी कथा म्हणून सांगत नाही. तिसऱ्या घरातला ‘जेवणात काय असतं’ हा प्रश्न आम्ही गेल्या जूनमध्ये ऐकला. प्रश्नाने कपडे बदलले आहेत.

आता थोडा हिशेब. हिशेबाशिवाय भाड्याचे व्याख्यान म्हणजे मिठाशिवाय आमटी. आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे वेतनावर नव्हे, तर मानधनावर. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सुरुवातीला महिना ३,००० रुपये मिळत. पुढे ६,००० झाले. २०२३ साली प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झाले. वाढ झाली हे चांगलेच झाले. पण मानधन म्हणजे मानधन; त्यात घरभाडे भत्ता नाही. पवित्र पोर्टलवरून नेमणुका होऊ लागल्यापासून उमेदवार एका टोकाचा आणि शाळा दुसऱ्या टोकाला, हे नेहमीचे झाले. समजा, गोंदियाची एक मुलगी आमच्या जिल्ह्यात आली. तिचे आणि आमचे राज्य एक. पण गोंदियाहून सांगलीपेक्षा रायपूर जवळ! तिने १६,००० तले ५,००० भाड्याला दिले तर ११,००० त दोन वेळचे जेवण, औषधपाणी, दिवाळीला घरी जायचे तिकीट आणि आईवडिलांना पाठवायचे ते पैसे. आणि हे झाले महिन्याचे. पहिल्या महिन्याचे काय? अनामत, आगाऊ भाडे, दलालाची दलाली, गादी, बादली, शेगडी. नव्या शिक्षकाच्या नावाचा शालार्थ क्रमांक निघून पहिला पैसा हातात पडेपर्यंत कित्येकदा महिने जातात. घरमालक एक तारखेला दार वाजवतो. कोषागार वाजवीत नाही.

कायम झालेल्यांना घरभाडे भत्ता मिळतो हे आम्हांला ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या वर्गवारीत सांगली ‘वाय’ आणि सातारा ‘झेड’ वर्गात बसतो. सातव्या वेतन आयोगाने २०१७ साली ह्या वर्गांना अनुक्रमे मूळ वेतनाच्या १६ आणि ८ टक्के ठरवून दिले आणि महागाई भत्ता वाढेल तसे ते वाढवायचे ठरले. साताऱ्यातले भाडे सांगलीच्या निम्मे असते असे ज्याने ठरवले त्याने एकदा सदर बझारात किंवा गोडोलीत खोली शोधून पाहावी. असो. खेड्यावरच्या गुरुजींची तऱ्हा आणखी निराळी. मुख्यालयी राहत नाहीत आणि भत्ता घेतात, म्हणून त्यांच्यावर टीका होते, ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. टीका करणाऱ्यांचे म्हणणे सगळेच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही असे मास्तर पाहिले आहेत. परंतु ज्या गावात भाड्याने द्यायला एकही खोली नाही, त्या गावाने गुरुजी गावात राहत नाहीत असा ठराव करताना आपल्याच ओसरीकडे एकदा पाहावे.

आता सातव्या घरातल्या त्या आमच्या वृद्ध मित्रांकडे परत जाऊ. ‘माणूस आत शिरला की उठत नाही.’ ही भीती त्यांच्या मनात आली कोठून? ती खोटी नाही. १९४७ सालच्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरले. युद्धाच्या आणि फाळणीच्या धामधुमीत निर्वासितांना, गिरणी कामगारांना, कारकुनांना आणि मास्तरांनाही त्या कायद्याने तारले. पण पुढे पन्नास वर्षे भाडे जिथल्या तिथे आणि सगळ्या वस्तू आकाशाला. मालक वाड्याची कौले शाकारीनासा झाला, भाडेकरू खोली सोडीनासा झाला, पागडी आली, दावे आले. आमच्या मित्रांच्या वडिलांचा असाच एक दावा वीस वर्षे चालला. मुलाने त्यातून धडा घेतला तो कुलूप लावण्याचा.

पण तो कायदा आता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अंमलात आला ३१ मार्च २००० पासून. भाड्याचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. आणि लक्षात ठेवा, नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. करार लेखी नसेल तर अटींच्या वादात भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. मुदतीच्या परवान्याने दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळवण्यासाठी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, त्यासाठी स्वतंत्र सक्षम अधिकारी नेमलेला आहे. म्हणजे नियमाने वागणाऱ्या मालकाला आज पूर्वीइतके भिण्याचे कारण नाही. आमच्या मित्रांना आम्ही हे सगळे समजावून सांगितले, कलमांसह सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “खरं आहे, गुरुजी. पण शेजारी काय म्हणतील?” ह्या प्रश्नाला कोणत्याही कायद्यात कलम नाही.

नववे घर राहिले. ते मिरजेच्या रस्त्याला, एका शिंपिणीचे. नवरा वारलेला, मुलगी नर्सिंग शिकायला मिरजेला. त्या बाईंनी आमच्या मित्रांना एकच विचारले, “रात्री मशीन चालतं, आवाज सहन होईल का?” त्यांना मराठी कळले नाही, पण त्यांनी मान डोलावली. अनामत एका महिन्याची, तीसुद्धा दोन हप्त्यांत. करारही झाला, रीतसर नोंदवून. दिवाळीपर्यंत आमच्या मित्रांना मराठी येऊ लागले होते. त्यांच्या मराठीत शिवणकामाचे शब्द जरा जास्त आहेत. ‘उद्या या’ ह्याऐवजी ते विद्यार्थ्यांना ‘मंगळवारी ट्रायलला या’ म्हणतात, असे त्यांचे विद्यार्थी आम्हांस सांगतात. आपल्या संस्थांनी काय करावे, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही त्या बाईंकडे बोट दाखवू. रुजू झालेल्या शिक्षकाची अनामत संस्थेने भरावी आणि पगारातून दरमहा थोडी थोडी वळती करून घ्यावी, एवढे केले तरी पुष्कळ आहे. रयतेच्या शाखा आज महाराष्ट्रातल्या पंधरा जिल्ह्यांत आणि कर्नाटकातल्या एका जिल्ह्यात आहेत. एका संस्थेतला शिक्षक सीमा ओलांडून जातो आणि येतो. इतर संस्थांतले शिक्षक बेळगावकडून, सोलापूरकडून, आणि आता आंध्र-केरळातूनही येतात. मुलाखतीच्या दिवशी त्यांना शंभर प्रश्न विचारतात, ‘राहणार कुठे?’ हा प्रश्न आम्ही कोणत्याही निवड समितीत ऐकला नाही.

वेळ संपत आली, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत; तेव्हा कबूल केल्याप्रमाणे जाहिरात.

येत्या जूनमध्ये तिघेजण ह्या गावात येणार आहेत. एक बाई प्राथमिक शाळेवर येत आहेत, बरोबर दोन वर्षांचे मूल आणि सासू. त्यांना तळमजला हवा, पण नदीपासून लांब. एक गृहस्थ बेळगावकडचे, गणिताचे. ते एकटे आहेत, पहाटे उठून मोठ्याने श्लोक म्हणतात, हे आधी सांगितलेले बरे. तिसरे केरळातले, त्यांचे जेवण काय असते हे आम्ही त्यांना विचारलेले नाही. ज्यांच्याकडे खोली असेल, मग ती कुलपातली का असेना, त्यांनी जाताना नाव, पत्ता, भाडे आणि भिंतीवरची रेघ किती फुटांवर आहे एवढे लिहून द्यावे. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. पेन मात्र आपापले काढावे. आमचे मघाशीच कोणीतरी नेले.